वादळाचा नकाशा

"अजून किती?" खुनशानने पुन्हा विचारलं.

"निम्मा उतरलाय," युएलिंग पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "वादळ खालच्या निम्म्यात असणार."

हवामान खात्याचा नकाशा पडद्यावर वरून खाली एकेक पट्टी करत उमटत होता. इंटरनेट चालायचं ते टेलिफोनच्या तारेवर. ते चालू असलं की घरात फोन येत नसे, आणि खुनशानला फोनचीच आस लागली होती. सुआओ बंदराबाहेरच्या समुद्रात बांगडा आला होता. वादळाआधी एक खेप मारायचं बोटीचा तांडेल जुआंग याच्या मनात होतं. पक्कं ठरलं की तो फोन करणार होता.

"बंद कर ते. जुआंग फोन लावत असेल."

"समुद्रावर तुम्ही जाणार. वादळ कुठवर आलं ते बघायला नको?"

"बैलगाडीतून येतोय वाटतं तुझा नकाशा!"

तो दारापर्यंत गेला, परत आला. राहवेना म्हणून त्याने रिसीव्हर उचलला. कानात नुसती खरखर झाली आणि जोडणी तुटली.

"घ्या! आता पुन्हा पहिल्यापासून," युएलिंग म्हणाली. "आंघोळ तरी उरका, तोवर होईल."

तो धुसफुसत न्हाणीघरात गेला. थोड्या वेळाने नकाशा पुरा उतरला. वादळ थेट सुआओच्या रोखाने येत होतं. युएलिंगने तो मिटवला आणि पुन्हा नव्याने मागवला.

बाहेर स्कूटर थांबली. बर्फाच्या कारखान्यात काम करणारा तिचा धाकटा भाऊ मिंगते घाईघाईने आत आला.

"ताई, दाजी कुठायत? तांडेल कधीचा फोन लावतोय. शेवटी मलाच पिटाळलं. बोट सुटायच्या बेतात आहे."

न्हाणीघरात पाणी ओतल्याचा आवाज आला.

"तापाने फणफणलेत रे," ती हलक्या आवाजात म्हणाली. "येत नाहीत म्हणून सांग जा."

मिंगतेने मान हलवली. स्कूटर उताराला लागली.

खुनशान डोकं पुसत बाहेर आला. नकाशा अजून अर्ध्यावरच पाहून त्याने सरळ कॉम्प्युटरला जोडलेली तार उपटली आणि जुआंगच्या घरी फोन लावला. तिकडे जुआंगची बायको होती.

"गेली बोट? मला न घेता?"

युएलिंगच्या छातीवरचा दगड उतरला. ती भात वाढायला उठली.

"मला कसला ताप, वहिनी? कोण म्हणालं?" खुनशानने वळून तिच्याकडे रागाने पाहिलं.

तिने नजर चुकवली. धरू दे महिनाभर अबोला. घरात तर असेल.

खुनशान बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने रिसीव्हर खाली ठेवला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता.

"युएलिंग, माझी जागा जायला नको म्हणून माझ्याऐवजी मिंगते चढलाय बोटीवर."