ग्रहणाचा फोटो

मनकर्णाबाईंनी खिडकीवर घोंगडी ठोकली, दाराच्या फटीत कोंबायला जुनं लुगडं काढलं आणि सुनेला बजावलं, "मंदा, सरळ पडून राह्यजो. डोये उघडू नको, बोटं मुडपू नको. गिरान सुटल्यावर मी आवाज देईन."

मंदाला सातवा महिना होता. याआधीची दोन लेकरं पोटातच गेली होती. पहिल्याच्या वेळी तिनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली, असं मनकर्णाबाईंचं म्हणणं. दुसऱ्याच्या वेळी ग्रहण नव्हतंच, पण ते त्या सोयीनं विसरल्या होत्या. या खेपेला मात्र त्या कुठंही फट ठेवणार नव्हत्या. केळझरच्या गणपतीला नवस बोलून झाला होता, आता उरलेलं माणसांनी सांभाळायचं होतं.

अंगणात त्यांच्या लेकाचं भलतंच चाललं होतं. बंडूजीचा आर्वीच्या एसटी स्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता. ऐंशी सालचं हे ग्रहण काढायचं आणि मोठं करून स्टुडिओच्या दारात टांगायचं, हे दिवाळीपासून त्याच्या डोक्यात होतं. तिकाटण्यावर कॅमेरा बसवला होता, भिंगापुढं काळ्याकुट्ट निगेटिव्हचे तुकडे लावले होते. गल्ली सगळी दारं लावून बसलेली. शेजारचा मोतीलाल किराणावाला तेवढा, भीत भीत का होईना, कुंपणापाशी घुटमळत होता.

"माय, सूर्याच्या आड चंद्र येते, बस. त्यानं लेकराले काय होते?" बंडूजी सकाळपासून सांगत होता.

"काई होत नसन. पन पडून राह्यल्यानं तिचं काय बिघडते?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

खरं तर भीती त्यालाही वाटत होती, पण ग्रहणाची नाही. कितीतरी रात्री तो मंदाच्या श्वासाकडं कान लावून जागा राहिला होता. ती कुशीवर वळली तरी तो उठून बसायचा. म्हणून तर आज कॅमेऱ्यामागं उभं राहायचं होतं. ज्याची भीती वाटते त्याच्याकडं काचेतून नीट, न हलता पाहिलं की भीती कमी होते, असा त्याचा अनुभव होता. मयताचे फोटो तो तसेच काढायचा.

तीन वाजून गेले. उन्हाचा रंग उतरला. कडुनिंबावरचे कावळे अवेळी ओरडू लागले. सूर्य निम्म्याहून जास्त झाकला गेला आणि नेमका तेव्हाच रोल संपला. दुसरा मंदा पडली होती त्या खोलीतल्या फडताळात होता. माय पलीकडच्या खोलीत देवापाशी जप करत बसली होती. बंडूजीनं हळूच दार लोटलं, लुगडं पायानं सारलं आणि आत शिरून दार लावून ते परत फटीत कोंबलं.

आत काळोख होता. डोळे सरावल्यावर त्याला पूर्वेला डोकं करून पडलेली मंदा दिसली. तिच्या पायाशी, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, उजेडाचा एक ठिपका पडला होता. वर छपराच्या कवेलूत कुठंतरी बारीक भोक असणार. एरवी असा ठिपका गोल पडतो. हा गोल नव्हता. ती कोर होती.

दुसऱ्या कुणाला ते नुसतं ऊन वाटलं असतं. बंडूजीला कळायला क्षणही लागला नाही. अंधारी पेटी, एक भोक आणि समोर पडलेलं चित्र, याच्यावर तर त्याचं पोट होतं. सगळ्या फटी बुजवून मायनं घराचाच कॅमेरा करून ठेवला होता आणि ग्रहण लागलेला सूर्य जसाच्या तसा आत आला होता.

तो रोल विसरला. इतकं सुंदर काही त्यानं कधी पाहिलं नव्हतं. कोर बारीक होत होती आणि सरकत होती. सूर्य जसजसा मावळतीला उतरत होता, तसतशी ती मंदाच्या पावलावर चढली, नडगीवर आली. तो श्वास रोखून पाहत राहिला. कोर गुडघ्यावर पोचली तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं, की ती निघालीय कुठं.

उजेड आहे नुसता, त्यानं स्वतःला समजावलं. उजेडानं काय होतं? पण उजेड एकदा पडला की कायमचा उमटतो, हे त्याच्याइतकं आर्वीत कुणाला ठाऊक होतं!

मंदाला उठवावं तर ती घाबरून जाईल, आणि कारण कळलं तर पुढचे दोन महिने झोपणार नाही. भोक बुजवायला वर चढावं तर कवेलू तिच्याच अंगावर यायचे. कोर मांडीवर आली. बंडूजी गुडघ्यांवर बसला आणि त्यानं तिच्या पोटावर हात धरला, जेमतेम टेकेल असा. कोर त्याच्या हातावर चढली.

बाहेरून मोतीलाल ओरडला, "बंडूजी, या न भाऊ लवकर! पार इळ्यासारखा झाला सूर्य!"

बंडूजी हलला नाही.

"तुमाले बलावून राह्यले," मंदा डोळे न उघडता म्हणाली. त्याच्या अंगाला येणाऱ्या, फोटो धुवायच्या हायपोच्या वासावरून तिनं त्याला केव्हाच ओळखलं होतं.

"बलावू दे."

"इतक्या दिसापासून म्हनत होते, फोटो काढतो, फोटो काढतो..."

"ऱ्हाऊ दे तो फोटो."

मंदा हलकेच म्हणाली, "तुमी तं गिरान मानत नाई ना?"

"नाई मानत," बंडूजी म्हणाला, आणि कोर सरकली होती तसा त्यानं हात बोटभर पुढं नेला.