हिरवी पट्टी

केतकी ऑफिसातून आली तेव्हा चार महिन्यांची रेवा पाळण्यात गाढ झोपली होती. दुधाची वेळ टळून गेली तरी हलत नव्हती. केतकीने वाकून पापा घेतला, तर तोंडाला ब्रँडीचा वास.

"सर्दीने बेजार झाली होती गं पोर. एकच चमचा दिला," केतकीची आई म्हणाली. "आधी तेवढीच मी पिऊन पाहिली. ही बघ, हिरवीच आहे."

आईच्या मनगटावरची पट्टी खरंच हिरवी होती. घालणाऱ्याच्या अंगातली दारू मर्यादेबाहेर गेली की ती लाल व्हायची, जिवावर बेतली की काळी, म्हणून हल्ली सगळेच हिरव्यावर डोळे मिटून विसंबायचे.

"आई, ती मर्यादा तुझी, तुझ्या अंगाची. हिला थेंबसुद्धा चालत नाही गं."

केतकीने स्वतःची पट्टी काढून रेवाच्या इवल्या पोटरीला गुंडाळली. पट्टी बघता बघता लाल झाली, मग काळी.

दवाखान्यात नेताना रिक्षात ती लेकीच्या तळपायांना चिमटे काढत होती. जिला गप्प करताना रोज नाकी नऊ यायचे, तिलाच विनवत होती, "रड गं माझी बाय. एकदाच रड."

रेवा झोपेतच दूध ओढल्यासारखे ओठ हलवत राहिली.