आठ देशांचा शेजार

"बाबा, हो गया! रेघा जाड झाल्या! बघा तरी!"

वैजयंतीच्या ओरडण्याने बाळकृष्णांच्या हातातली वाटी पडता पडता वाचली. शेजारच्या तिवारी भाभींची वाटी. परवा गाजराचा हलवा घेऊन आलेली, आज चिवडा घेऊन परत निघालेली. टाउनशिपमधल्या घरांच्या त्या ओळीत रिकामी वाटी परत करायची कुणाची छाती नव्हती.

कॉम्प्युटरवर आठ ठिपके होते. आठ शेजारी देश. ज्या दोघांची कमाई वर्षानुवर्षं जोडीने चालते, त्यांच्यामध्ये रेघ. जोडी जितकी घट्ट, रेघ तितकी जाड. गरीब देश श्रीमंत शेजाऱ्याच्या बरोबरीला येतो का, एवढंच वैजयंतीला पीएच.डी.साठी शोधायचं होतं. तीन वर्षं हाती काही लागलं नव्हतं आणि शिष्यवृत्ती या महिन्याअखेर संपत होती.

"आणि सगळ्यात जाड रेघा कधी, माहितेय? युद्ध, पूर, दुष्काळ, अशा वाईट वर्षांत! अडचणीत शेजारी लांब जात नाहीत बाबा, जवळ येतात!"

तिने ते चित्र तिथल्या तिथे आपल्या मार्गदर्शक सरांना पाठवून दिलं.

बाळकृष्णांना भरून आलं. जुन्या छापील अहवालांतल्या आकड्यांची सहाशे पानं त्यांनीच तर टाइप करून दिली होती. कारखान्याच्या ऑफिसात तीस वर्षं क्लार्की केलेला माणूस. त्यांच्या टेबलावरून एक फॉर्म कधी अर्धवट पुढे गेला नाही.

अर्ध्या तासात शहरातल्या टी. टी. नगरहून नीळकंठ सरांचा फोन आला. सर कौतुकाच्या बाबतीत भारी चिक्कू, पण आज त्यांचाही आवाज चढला होता.

"कमाल केलीस! दिल्लीच्या परिषदेला कळवून टाकलं मी. शिष्यवृत्तीची मुदत वाढलीच समज. पण त्या वाईट वर्षांचे आकडे मिळाले कुठे तुला? मी वीस वर्षं शोधतोय!"

"बाबांनी काढले, सर!" वैजयंतीने हसत फोन स्पीकरवर टाकला. "सांगा ना बाबा."

बाळकृष्ण लाजले. घसा खाकरून म्हणाले, "काढले कसले, सर. त्या वर्षांचे रकाने कोरेच होते. पोरीचं काम, रिकामं कसं परत द्यायचं? ज्याचा रकाना कोरा, त्यात शेजारच्या देशाचे आकडे घालून दिले."