बिजनबाबूंचं पथ्य

डबा उघडून बिजनबाबूंनी मोबाइलसमोर धरला. लाल तांदळाचा भात, कडुलिंबाची पानं घालून परतलेलं वांगं, केळफुलाची भाजी, पातळ मूगडाळ. बंगळुरूहून तुलीने एकेक पदार्थ निरखून पाहिला, सगळं संपवायचं असं वडिलांना बजावलं आणि फोन ठेवला.

बिजनबाबूंनी डब्याला झाकण लावलं आणि कढई तापत ठेवली. पीठ मळून तयारच होतं. लुची, म्हणजे मैद्याची फुगीर पुरी, गरमच खायला हवी.

साथ आल्यापासून अख्ख्या कृष्णनगरला पथ्याचं वेड लागलं होतं. तुपात तळलेला सायीचा सरभाजा खाऊन पोसलेली माणसं सकाळी कारल्याचा रस पीत होती आणि भाजीवाल्याला मास्कआडून खताची चौकशी करत होती. जवळच्या गावातल्या बायकांनी बिनरसायनाची भाजी पिकवून घरपोच डबे द्यायला सुरुवात केली, तेव्हा तुलीने वडिलांच्या नावाने एक लावून टाकला. कमी तेलाचा, बिनसाखरेचा. बिजनबाबूंची तब्येत ठणठणीत होती. पण बायको गेल्यापासून लेकीचा शब्द त्यांना मोडवत नसे.

पहिल्याच दिवशी डब्याच्या नुसत्या वासाने त्यांचं तोंड कडू झालं. अन्न टाकणं जिवावर आलं. शेवटी ते अंगण ओलांडून बौदींच्या, म्हणजे वारलेल्या थोरल्या भावाच्या बायकोच्या दारात गेले.

हेमनलिनीबौदी एकट्याच राहत. साथीमुळे स्वयंपाकाची बाई येईनाशी झाली होती आणि गुडघ्यांमुळे त्यांना चुलीपाशी उभं राहवत नव्हतं. चहा-मुरमुऱ्यांवर दिवस चालले होते, त्यात साखरेचा आजार. पण मानी अशा, की कुणी वाटीभर कालवण पाठवलं तरी आल्या पावली परत जाई.

"बौदी, एक उपकार करा," बिजनबाबू म्हणाले. "हे मला गिळवत नाही. टाकलं तर तुली रुसेल."

"म्हणजे तुझं पाप मी पोटात घालायचं?"

"तेवढं कराच."

बौदींनी डबा हातात घेतला. "ठेवते. पोरीच्या अन्नाचा अपमान नको. पण उपकार मी तुझ्यावर करतेय, हे विसरू नकोस."

मग रोजचंच झालं. बौदी चव सांगत आणि बिजनबाबू दुसऱ्या दिवशी तीच चव तुलीला आपली म्हणून ऐकवत. कडुलिंब जरा जास्त झालाय, केळफूल झकास. तुली लक्ष देऊन ऐके. जाता जाता जेठिमा, म्हणजे थोरली काकू, कशी आहे, असंही विचारे. बरी आहे म्हणत बिजनबाबू विषय बदलत. चोराच्या मनात चांदणं.

बघता बघता आळीत त्यांच्या पथ्याचं नाव झालं. लोक सल्ला विचारायला येऊ लागले. बिजनबाबू घास सावकाश चावण्याचे फायदे सांगत आणि इकडे त्यांच्या सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली.

दुर्गापूजेच्या तोंडावर बौदी स्वतःच्या पायांनी अंगण ओलांडून आल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं, साखर उतरली होती. त्या खुर्चीत टेकल्या.

"तुझ्या लेकीने मला उभं केलं रे बिजन. आणि तिला त्याचा पत्ताही नाही."

त्या दुपारी बिजनबाबूंना लुची गोड लागली नाही. ताट तसंच सारून त्यांनी स्वतःहून फोन लावला.

"तुली, मी तुला फसवलं. तो डबा मी एक दिवसही खाल्ला नाही. सगळा बौदींना दिला."

बिजनबाबूंनी बोलणी खायची तयारी केली.

"बाबा," तुली म्हणाली, "साखरेचा आजार तुम्हाला कधी होता?"

बिजनबाबूंनी अंगणापलीकडच्या बौदींच्या दाराकडे पाहिलं.

"मला एकच धास्ती होती. डबा चुकून तुम्हालाच आवडायचा."