नानांचा बिबट्या

नानासाहेबांची पुतणी ज्योत्स्ना ज्युदोच्या क्लासात नवा डाव शिकून आली. समोरच्याला मागं झुकवायचं आणि आपल्या पायानं मागून त्याचा पाय उडवायचा. रोज ती गोठ्याच्या खांबावर सराव करायची आणि नाना खाटेवरून फिदीफिदी हसायचे. एके काळी जत्रेत नारळावरच्या कुस्त्या मारलेला माणूस तो!

"खांबाला काय लाथा घालती? ये, मला पाड!"

तिनं पाडलं. नाना अंगणात असे उताणे पडले, की उठले ते कंबर धरूनच.

आता पोरीनं पाडलं असं चारचौघांत सांगायचं कसं? पारावर नानांनी ठोकून दिलं, "उसाच्या कडंला बिबट्या अंगावर आला राव. लई झुंजलो!" दुपारी वनखात्यानं उसाजवळ पिंजरा आणून लावला. संध्याकाळी गावानं सत्कार केला आणि नानांना पुन्हा एकदा नारळ मिळाला, या खेपेला शालीसकट. नाना असे फुलले, की माईक हातात घेऊन गरजले, "बिबट्या सापडस्तवर दिवस कलल्यावर एकाबी पोरीनं घराभाईर पडायचं न्हाई!"

टाळ्या कडाडल्या आणि ज्युदोचा संध्याकाळचा क्लास बंद झाला.

घरी ज्योत्स्नानं नानांच्या कमरेखाली शेकायची पिशवी सरकवली आणि हळूच विचारलं,


"नाना, खरं काय ते तुमी सांगताय, का मी जाऊन बसू त्या पिंजऱ्यात?"