भिंतीची तोंडी परीक्षा

सकाळचे ऊन खिडकीतून त्या रिकाम्या घरात आले, नव्या फरशीवर थोडा वेळ रेंगाळले आणि समोरच्या भिंतीवरून इतके तिरके सरकू लागले की गिलाव्याच्या प्रत्येक उंचवट्यामागे एक बारीक सावली उमटली. मी त्या सावल्या पाहिल्या आणि नजर वळवली.

हे घर बाबांनी मागच्याच महिन्यात बांधून पूर्ण केले होते. स्वतःच्या घराचे काम त्यांच्याकडे सोपवण्याआधी रेगेबाई ते पाहायला आल्या होत्या. निवृत्त शिक्षिकाच त्या. बाबांचा परवाना, नगरपालिकेच्या मंजुऱ्या, जुन्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय, सगळ्यांवर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करून आल्या होत्या.

"लेखी परीक्षेत पास झालात, मिस्त्री. आता भिंतीची तोंडी," असे म्हणत त्यांनी पिशवीतून भिंतीचा सरळपणा तपासायचा ओळंबा काढला.

"द्या, मीच धरतो," बाबा हसले. "तीस वर्षं भिंतीच उभ्या करतोय, बाई."

त्यांनी दोरीचे वरचे टोक भिंतीला टेकवले. खाली पितळी वजन भिंतीपासून दोन बोटे दूर लोंबत राहिले.

"बघा, कसं अगदी चिकटलंय!"

बाईंनी माझ्याकडे पाहिले.

"अरे, लाजतोस काय? सांग की बाईंना," बाबा म्हणाले.

हे काम हातचे गेले, तर पुढे दुसरे नव्हते. मी बाबांच्या हातून दोरी हळूच सोडवून घेतली.

"बाई, तुम्ही दुसरा मिस्त्री बघा."

बाबांना आता नीट दिसत नव्हते.