निकाल चांगलाच सांगा
"डॉक्टरीणबाई, रिपोर्ट वाईट आला, तरी सूनबाईसमोर चांगलाच सांगा हो. आमच्या धंद्यात तसंच करतात," असं दामूशास्त्री सकाळीच एकटे जाऊन सांगून आले. चाळीस वर्षं ते पत्रिका बघत होते. अल्पायुषी योग दिसला की "पोर शंभरी गाठेल" म्हणत, आणि पोर गेलं की शनीला बोल लावत.

त्यांच्या पाच वर्षांच्या नातीच्या मूत्रपिंडातली कर्करोगाची गाठ काढून झाली होती. रोग उलटेल की पोर तरेल, याचा अंदाज आता गाठीच्या जनुकांतल्या खुणांवरून येणार होता.

दुपारी डॉक्टरीणबाई कागद बघून हसल्या. "धोक्याची एकही खूण नाही. रोग उलटायची भीती फार कमी." सूनबाईने रडत त्यांचे पाय धरले.

सून बाहेर जाताच शास्त्रीबुवा कुजबुजले, "आता खरं सांगा."

"अहो काका, खरंच चांगलं आहे! हा घ्या रिपोर्ट, स्वतः वाचा."

शास्त्रीबुवांनी कागदाला हातही लावला नाही. आईबापांना दाखवायची पत्रिका तेही निराळीच लिहीत, आणि अशीच हसत हसत हातात देत.